नाव राखा, शुभंकर मोकळा ठेवा: मुक्त-स्रोत प्रकल्पांच्या चालकांना खुले पत्र

प्रति,
मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पांचे मेंटेनर, त्यांची संचालक मंडळे आणि या प्रकल्पांचा कारभार पाहणारी फाउंडेशन्स यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी मुक्त-स्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा) सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराचे मराठी भाषांतर करीत आले आहे, आणि ज्यांनी असे सॉफ्टवेअर आधी कधी वापरलेले नाही अशांना ते शिकवीत आले आहे. मी प्रोग्रामर नाही. तुमच्या कोडमधली एकही ओळ मी लिहिलेली नाही. पण तुमचे काम नव्या माणसापर्यंत ज्या उंबरठ्यावर पोहोचते तिथे मी उभी असते, आणि तिथे त्या माणसाला सर्वांत आधी भेटतात त्या दोनच गोष्टी: प्रकल्पाचे नाव आणि त्याचे चित्र. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, कर्नल म्हणजे काय, परवाना म्हणजे काय हे मी पहिल्या दिवशी समजावून सांगते. आठवड्याने त्यातले फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नसते, पण "ते पेंग्विनवालं पुन्हा दाखवा" असे कोणीतरी हमखास म्हणते. हे वाक्य इतक्या वेळा ऐकल्यावर त्याविषयी तुम्हाला लिहावे असे वाटू लागले.

एखादी कंपनी आपले उत्पादन बाजारात आणते तेव्हा तिच्याकडे जाहिरातीचा पैसा असतो, विक्रेत्यांची साखळी असते आणि नाव सुचवणारे पगारी लोकही असतात. तुमच्यापैकी बहुतेकांकडे यातले काहीच नसते. तुमची प्रसिद्धी एकाने दुसऱ्याला सांगण्यावर चालते, आणि सांगायचे तर नाव तोंडात बसले पाहिजे, ओळखायचे तर चित्र डोळ्यांत राहिले पाहिजे. असे असूनही कितीतरी प्रकल्पांत नाव घाईघाईत ठरते, शुभंकर, म्हणजे प्रकल्पाची ओळख बनणारे प्राण्याचे किंवा पात्राचे चित्र, जमला तर मागाहून येतो, आणि या दोहोंवर हक्क कोणाचा हे तंटा उभा राहीपर्यंत कोणी लिहून ठेवत नाही. माझी विनंती अशी आहे की नाव आणि शुभंकर यांना कोडइतक्याच गांभीर्याने वागवावे, मात्र दोघांना एकच नियम लावू नये. नाव ही वापरणाऱ्याला दिलेली हमी असते: या नावाखाली जे मिळते ते आमच्याच हातून आलेले आहे, एवढे ते सांगते, आणि म्हणून ते राखावे लागते. शुभंकर हे आमंत्रण असते, आणि दारावर पहारा बसवून आमंत्रण देता येत नाही. आजवर ज्या प्रकल्पांची या बाबतीत ओढाताण झाली, त्यांतल्या बहुतेकांनी एक तर नाव वाऱ्यावर सोडले होते किंवा चित्र कुलपात ठेवले होते, असे माझे मत झाले आहे.

नावापासून सुरुवात करते. १९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आपल्या कर्नलसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, 'फ्रीक्स' हे नाव योजले होते (इंग्रजीत 'फ्रीक' म्हणजे विचित्र माणूस). फायली ठेवण्यासाठी ज्यांनी सर्व्हरवर जागा करून दिली त्या आरी लेम्के यांना ते पसंत पडले नाही आणि त्यांनी फोल्डरला 'लिनक्स' असे नाव देऊन टाकले. हा प्रसंग नेहमी गंमत म्हणून सांगितला जातो. मला तो त्या प्रकल्पाच्या भाग्याचा भाग वाटतो, कारण विचित्रपणा मिरवणारे पहिले नाव घेऊन तो कर्नल बँका, रुग्णालये आणि सरकारी कार्यालये यांच्या दारात उभा राहिला असता, तर आत जायला त्याला आणखी किती वर्षे लागली असती याचा विचार मी अनेकदा केला आहे. तेव्हा एका सहकाऱ्याच्या चोखंदळपणाने काम भागले. पण दरवेळी शेजारी असा सहकारी असतोच असे नाही.

फायरफॉक्सची कथा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, तरी ती इथे थोडी विस्ताराने मांडते, कारण नावाविषयी जे शिकायचे ते जवळजवळ सगळे तिच्यात आहे. २००२ मध्ये हा ब्राउझर 'फिनिक्स' नावाने बाहेर पडला. त्याच नावाच्या एका कंपनीचा ट्रेडमार्क आडवा आला, म्हणून २००३ मध्ये त्याचे 'फायरबर्ड' झाले. पण फायरबर्ड नावाचा एक डेटाबेस प्रकल्प आधीपासून चालू होता आणि तोही मुक्त-स्रोतच होता. त्या डेटाबेसच्या लोकांनी जोरदार हरकत घेतली, आणि ती योग्यच होती, कारण मोठ्या नावाच्या लाटेत लहान प्रकल्प शोधूनही सापडेनासा होतो. अखेर नीट शोध घेऊन फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स' हे नाव ठरले. सोबत जॉन हिक्स यांनी रेखाटलेले पृथ्वीला वेढून बसलेल्या कोल्ह्याचे बोधचिन्ह आले. फायरफॉक्स हे खरे तर लाल पांड्याचे एक नाव आहे. चित्रात मात्र कोल्हा दिसतो आणि त्याबद्दल आता कोणाची तक्रार नाही. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला पहिली पूर्ण आवृत्ती निघाली आणि डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पानांची जाहिरात झळकली. तिच्यासाठी सुमारे १०,००० लोकांनी वर्गणी दिली होती आणि देणाऱ्यांची नावे त्या पानावर छापलेली होती. वर्षभराच्या आत हा ब्राउझर १० कोटी वेळा उतरवून घेतला गेला. ब्राउझर चांगला होता म्हणूनच लोकांनी तो ठेवला, यात शंका नाही. पण ज्या हजारो माणसांनी खिशातले पैसे दिले, त्यांच्या अभिमानाला एक नाव आणि एक चित्र मिळाले होते. दोन वर्षांत तीन नावे बदलणारा प्रकल्प एवढा सावरला, कारण तिसरे नाव त्यांनी विचारपूर्वक घेतले आणि मग ते सोडले नाही.

लहान प्रकल्पांना असे सावरायला मिळत नाही. मी मनापासून भाषांतर केलेल्या एका छोट्या प्रकल्पाला काही वर्षांनी वकिलाची नोटीस आली आणि नाव बदलावे लागले. पडद्यावरच्या शेकडो वाक्यांत, मदतपुस्तिकेत, चित्रांतल्या मजकुरात जुने नाव पसरलेले होते, आणि मराठीत तर ते नुसते बदलून चालत नव्हते: जुने नाव पुल्लिंगी वापरले जात असे, नवे नपुंसकलिंगी बसू लागले, म्हणून वाक्यामागून वाक्य क्रियापदासकट पुन्हा जुळवावे लागले. ते काम आम्ही केले. पण ज्यांना मी तो प्रोग्राम शिकवला होता त्यांतले अनेक जण जुन्या नावानेच शोधत राहिले, आणि हाती काही लागेना तेव्हा तो बंद पडला असे समजून त्यांनी दुसरे काहीतरी घेतले. नाव ठरवण्याआधी कोणी तासभर शोध घेतला असता तर हे टळले असते.

नावाच्या हक्काचा प्रश्न याहून अवघड आहे. 'इथिरिअल' हा नेटवर्क तपासण्याचा प्रोग्राम २००६ मध्ये 'वायरशार्क' झाला, कारण मूळ लेखकाने नोकरी बदलली आणि नावाचा ट्रेडमार्क आधीच्या कंपनीकडे राहिला. कोड मुक्त होता, तो सोबत आला. नाव आले नाही. २०११ मध्ये 'हडसन' या कोड आपोआप जुळवून तपासणाऱ्या प्रोग्रामच्या समुदायाने ओरॅकल कंपनीशी नावावरून झालेल्या वादानंतर मतदान करून 'जेनकिन्स' हे नाव घेतले. 'गेम' नावाच्या गप्पांच्या प्रोग्रामला एओएल कंपनीच्या ट्रेडमार्कमुळे २००७ मध्ये 'पिजिन' व्हावे लागले. लिनक्सचे नावसुद्धा एके काळी भलत्याच माणसाने अमेरिकेत आपल्या नावावर नोंदवले होते आणि कंपन्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली होती. १९९७ मध्ये तडजोड होऊन तो हक्क टोरव्हाल्ड्स यांच्याकडे आला. या सगळ्यांत एकच गोष्ट दिसते. परवाना कोडला मोकळे करतो, पण नाव त्या परवान्यात येत नाही, आणि ते कोणाकडे आहे हे ज्याने आधी पाहिले नाही त्याच्या हातून ते नेमके गरजेच्या वेळी निसटते.

आणि नाव निसटले की त्याच्याबरोबर काय जाते, हे पाहायचे असेल तर ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरकडे पाहावे. २०१० मध्ये त्यावर काम करणाऱ्यांपैकी मोठा गट बाहेर पडला, त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' स्थापन केली आणि 'लिब्रेऑफिस' हा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा काढलेला प्रकल्प, सुरू केला. जुने नाव त्यांना मिळाले नाही. ते पुढे ओरॅकलकडून अपाचे फाउंडेशन या मुक्त प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेले. काम बहुतांशी नव्या घरात चालू राहिले, लोक मात्र कित्येक वर्षे जुन्याच दारावर येत राहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशनने जाहीर पत्र लिहून विनंती केली की ओपनऑफिसच्या चालकांनी आपल्या वापरकर्त्यांना लिब्रेऑफिसचा पर्याय सांगावा, कारण जुन्या प्रकल्पाची शेवटची मोठी आवृत्ती २०१४ मध्ये निघालेली होती. दहा वर्षांचे काम एका नावाला मागे टाकू शकले नव्हते. माझ्या वर्गातही लोक येतात ते 'ओपनऑफिस शिकवा' म्हणत, आणि मी त्यांना लिब्रेऑफिस शिकवते. 'लिब्रे' म्हणजे मुक्त, हा अर्थ प्रत्येक वेळी सांगावा लागतो. सांगितला की आवडतो, पण सांगावा लागतो.

इथे आपल्या चळवळीच्याच नावाविषयी थोडे बोलते. इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दात मोफत आणि मुक्त हे दोन्ही अर्थ एकत्र राहतात, आणि त्यामुळे झालेला गोंधळ टाळण्यासाठी फेब्रुवारी १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा शब्द सुचवला. पुढे त्या शब्दाचा ट्रेडमार्क नोंदवण्याचा प्रयत्न झाला, तो फार वर्णनात्मक शब्द आहे म्हणून साधला नाही, आणि आज कोणीही काहीही त्या नावाखाली खपवू पाहतो. मराठीत मुक्त वेगळे आणि फुकट वेगळे, त्यामुळे आमचे काम त्या बाबतीत सोपे आहे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांना जे सांगायला परिच्छेद खर्ची घालावे लागले ते आम्ही एका शब्दात सांगतो. असे असूनही प्रकल्पाचे नाव जेव्हा फक्त इंग्रजी शब्दकोशात गमतीदार वाटेल असे निवडले जाते, तेव्हा ती गंमत आमच्यापर्यंत येत नाही, अडचण तेवढी येते.

ती अडचण अशी. रोमन लिपीतली अक्षरे दुसऱ्या रोमन लिपीच्या भाषेत जशीच्या तशी नेता येतात, उच्चार वाचणाऱ्याने आपापला करावा. देवनागरीत लिहायचे तर उच्चार आधी ठरवावा लागतो. लिनक्स की लायनक्स हा वाद पुष्कळ चालला, आणि तो मिटला याचे कारण टोरव्हाल्ड्स यांनी स्वतःच्या आवाजात तो शब्द उच्चारून त्याची ध्वनिफीत सर्वांसाठी ठेवली. काही सेकंदांची ती फीत भाषांतर करणाऱ्यांवर किती मोठा उपकार होता, याची त्यांना कल्पना नसेल. स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाने 'ग्नू' असा उच्चार लिहून दिला आहे. उलट पोस्टग्रेसक्यूएल हे एका डेटाबेसचे नाव तोंडात बसणे इतके कठीण आहे की खुद्द प्रकल्पानेच 'पोस्टग्रेस' हे लघुरूप मान्य करून टाकले, आणि अनेक सर्व्हरांवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या कुबरनेटिसचे, सुकाणू धरणाऱ्याच्या अर्थाचा सुंदर ग्रीक शब्द असलेले, नाव लोकांनी मधली आठ रोमन अक्षरे गाळून 'के-एट्स' करून टाकले. तुम्ही उच्चार सांगितला नाही, तर प्रत्येक भाषेत तीन तीन नावे तयार होतात आणि शोधणाऱ्याला त्यांतले एकही धड सापडत नाही.

अर्थाचाही प्रश्न आहे. जिंप हा चित्रे सुधारण्याचा प्रोग्राम १९९६ पासून लोकांच्या हाती आहे आणि मी तो आनंदाने शिकवते, पण त्याच्या नावाचा इंग्रजीतला एक अर्थ अपंग माणसाला दुखावणारा आहे. त्या कारणाने २०१९ मध्ये काहींनी 'ग्लिम्प्स' नावाचा फोर्क काढला. २०२१ मध्ये तो थांबला, कारण नुसत्या नावाच्या जोरावर एवढा मोठा प्रोग्राम सांभाळण्याइतकी माणसे जमली नाहीत. फोर्क काढणाऱ्यांचे म्हणणे मला पटत होते, त्यांचा मार्ग नाही. नावाची दुरुस्ती घराच्या आतून व्हावी लागते. ती होऊ शकते, हे फ्रान्समध्ये घडलेल्या एका गणिती सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामने दाखवले. 'कॉक' हे त्याचे नाव फ्रेंचमध्ये कोंबड्याचे, पण इंग्रजीत ते अश्लील शब्दासारखे ऐकू येत असल्याने इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सभेत ते उच्चारणे, विशेषतः स्त्रियांना, फार अवघड जात असे. त्या समुदायाने दीर्घ चर्चा केली, २०२३ मध्ये 'रॉक' हे नाव निवडले आणि २०२५ मध्ये ९.० ही आवृत्ती त्या नावाने काढली. नव्या नावात ज्या गावी त्याचा विकास सुरू झाला त्याची आठवण आहे आणि एका पुराणपक्ष्याचे नावही आहे, म्हणजे चिन्हातला पक्षीही सुटला नाही. तीस वर्षांहून जुने नाव इतक्या सन्मानाने बदलता येते, तर 'आता उशीर झाला' हे उत्तर कोणी देऊ नये. अपाचे फाउंडेशनला २०२३ मध्ये अमेरिकेतील आदिवासी समाजातल्या तंत्रज्ञांनी नावाविषयी जे पत्र लिहिले, तेही याच बाजूने वाचावे. अपाचे हे तिथल्या एका जिवंत समाजाचे नाव आहे; ते आदरापोटी घेतले असले, तरी त्या समाजाला विचारलेले नव्हते.

आता शुभंकराकडे येते, आणि इथे मला तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत. १९९६ मध्ये लिनक्ससाठी चिन्ह शोधायचे ठरले तेव्हा टोरव्हाल्ड्स यांनी पेंग्विन हवा असे सुचवले आणि तो कसा हवा याचे वर्णनही केले: भरपेट मासे खाऊन समाधानाने बसलेला, थोडा गुबगुबीत, पाहताच जवळ घ्यावासा वाटेल असा. लॅरी यूइंग यांनी तो जिंपच्या एका सुरुवातीच्या आवृत्तीत रंगवला. म्हणजे एका मुक्त प्रोग्रामचा चेहरा दुसऱ्या मुक्त प्रोग्रामने घडवला. टक्स नावाचा हा पेंग्विन चिन्हाच्या तिन्ही स्पर्धांमध्ये उतरला आणि एकही जिंकला नाही. म्हणूनच तो लिनक्सचे बोधचिन्ह नसून शुभंकर मानला जातो. स्पर्धेच्या परीक्षकांनी जे नाकारले ते लोकांनी उचलले. का उचलले असेल, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कर्नल ही न दिसणारी गोष्ट आहे. तिला रंग नाही, आकार नाही, वापरणाऱ्याला ती कधी समोर येत नाही. त्या काळात संगणकविश्वातली बहुतेक चिन्हे वेग, ताकद आणि विजय यांच्या खुणा होत्या. इथे मात्र एक पक्षी निवांत बसलेला होता आणि तो कोणाशी स्पर्धा करीत नव्हता. घाबरत घाबरत संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला त्याने धीर दिला. मी हे वर्गात डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. यूइंग यांनी चित्रासोबत जी परवानगी दिली ती जेमतेम एका वाक्याची आहे: वापरा, बदला, कोणी विचारले तर माझे आणि जिंपचे नाव सांगा. त्या वाक्यामुळे टक्स कधी शिक्षक झाला, कधी अंतराळवीर, कधी मुलांच्या खेळातला नायक. कोणाला अर्ज करावा लागला नाही. २००९ मध्ये तर कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीत खुद्द टक्सने आपली जागा 'टझ' नावाच्या टास्मानियन डेव्हिलला दिली, कारण रोगामुळे नष्ट होत चाललेल्या त्या प्राण्यासाठी ऑस्ट्रेलियातील लिनक्स परिषदेने निधी उभारण्याचे ठरवले होते. शुभंकर मोकळा असला की तो असे काम करू शकतो.

हीच वाट पुढे इतरांनी धरली. रेने फ्रेंच यांनी गो या प्रोग्रामिंग भाषेसाठी काढलेला गोफर (बिळात राहणारा उंदरासारखा प्राणी) श्रेय देऊन कोणालाही वापरता येतो, आणि त्याची इतकी रूपे निघाली आहेत की गो शिकणारा प्रत्येक गट आपला स्वतंत्र गोफर घेऊनच भेटतो. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा फेरिस हा खेकडा तर अधिकृतही नाही. चित्रकर्तीने त्यावरचे सर्व हक्क सोडून दिले आणि लोकांनी त्याला आपला म्हटले. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचा निळा हत्ती व्हँसाँ पोंतिए यांना १९९८ मध्ये त्या तीन अक्षरांच्या आकारात दिसला. जेनकिन्सचा अदबशीर सेवक देशोदेशीच्या गटांनी आपापल्या पोशाखात रंगवला. प्रचंड माहिती हाताळणाऱ्या हडूप या सॉफ्टवेअरचे नाव तर निर्मात्याच्या लहान मुलाच्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीचेच आहे. माणसे ज्या चित्रावर स्वतःचा हात फिरवू शकतात, त्याला ती सहजासहजी सोडत नाहीत, आणि चित्र बदलणारा हात उद्या मदतपुस्तिका दुरुस्त करतो, परवा एखादी त्रुटी कळवतो. माझ्या ओळखीतले दोन उत्तम भाषांतरकार शुभंकराची चित्रे काढता काढता या कामात आले.

युनिक्सच्या वंशातल्या बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा बीस्टी हा शुभंकर मात्र मला वेगळा धडा शिकवतो. पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रक्रियेला युनिक्समध्ये डीमन म्हणतात, त्यावरून त्रिशूळ घेतलेला, बूट घातलेला तो छोटा लाल राक्षस आला. त्याची लोकप्रिय रूपे १९८४ पासून जॉन लॅसेटर यांनी काढली आणि कॉपीराइट मार्शल कर्क मॅक्यूसिक यांच्याकडे आहे. चित्र अतिशय देखणे आहे. पण एका व्यक्तीच्या परवानगीशिवाय ते सगळीकडे छापता येत नव्हते, शिंगे आणि शेपूट पाहून काही श्रद्धाळू लोक बिचकत होते, आणि लहान आकारात ते ओळखू येत नसे. बीएसडीच्या शाखांपैकी नेटबीएसडीने २००४ मध्ये ध्वजाचे साधे चिन्ह घेतले. फ्रीबीएसडीने २००५ मध्ये स्पर्धा घेऊन शिंगे असलेला लाल गोल बोधचिन्ह म्हणून निवडला आणि बीस्टीला शुभंकर म्हणून ठेवले. मला फ्रीबीएसडीचा निर्णय अधिक शहाणपणाचा वाटतो. कार्यालयीन कागदावर बोधचिन्ह जाईल आणि उत्सवात शुभंकर नाचेल, अशी कामाची वाटणी झाली की एकावर दुसऱ्याचे ओझे पडत नाही.

ही वाटणी न झाल्यास काय होते ते लिनक्सवर आधारलेली डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि फायरफॉक्स बनवणारी मोझिला यांच्या वादात दिसले. फायरफॉक्सच्या चित्राचा परवाना डेबियनच्या कसोटीवर मुक्त नव्हता, म्हणून डेबियनने ते वगळले. चित्र नको तर नावही वापरू नका, आणि आमच्या संमतीशिवाय बदल करू नका, असे मोझिलाने सांगितले. २००६ पासून पुढे दहा वर्षे डेबियनच्या वापरकर्त्यांना तोच ब्राउझर 'आइसविझल' या नावाने मिळत राहिला. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. पण त्या दहा वर्षांत मी कितीदा तरी 'फायरफॉक्स कुठे आहे' या प्रश्नाला उत्तर देत बसले. आणि नाव राखण्याच्या नादात समुदायाचा हातच झटकला जाऊ नये, याची आठवण २०२३ मध्ये रस्ट फाउंडेशनला झाली: ट्रेडमार्कच्या धोरणाचा जो मसुदा तिने एप्रिलमध्ये मांडला तो इतका कडक वाटला की लोक संतापले आणि फाउंडेशनला क्षमा मागावी लागली. त्या गदारोळातही फेरिस खेकडा मात्र सर्वांचाच राहिला, कारण तो कोणाच्या मालकीचा नव्हता.

चांगल्या सॉफ्टवेअरला असल्या सजावटीची गरज नसते, असे तुमच्यातले अनेक जण म्हणतात. त्यांचा मी आदर करते, कारण कोडचे ओझे तेच वाहतात. शुभंकर असून कोड कच्चा असला तर लोक एकदा येतात आणि निघून जातात, हेही मान्य आहे. पण उत्तम असूनही ज्याचे नाव कोणाला सांगता आले नाही आणि जे म्हणून कोणापर्यंत पोहोचलेच नाही, असे सॉफ्टवेअर मी पाहिले आहे, त्याचे भाषांतर केले आहे, आणि त्याचे काम थांबले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले आहे.

म्हणून काही गोष्टी मागते. नवे नाव जाहीर करण्याआधी ते आधी कोणी घेतले आहे का हे पाहावे, आणि लहान मुक्त प्रकल्पांची नावेही त्यात धरावीत. फायरबर्डच्या वेळी तेच राहून गेले होते. नावाचा हक्क एका व्यक्तीच्या किंवा एका कंपनीच्या हाती न ठेवता शक्य तितक्या लवकर ना-नफा संस्थेकडे सोपवावा आणि कोणी ते कशासाठी वापरू शकतो हे सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत एका पानावर लिहावे. शुभंकराचे चित्र कोडच्या भांडारातच ठेवावे, बदलता येईल अशा मूळ फायलीसह, आणि त्याला स्वतंत्र, स्पष्ट, मुक्त परवाना द्यावा. चित्रकाराचे नाव कोड लिहिणाऱ्यांच्या यादीत, त्यांच्याच बरोबरीने घालावे. स्पर्धा घेतलीत तर निवड कोण करणार आणि न निवडलेल्या चित्रांचे काय होणार हे आधीच सांगावे, कारण रात्र रात्र जागून काढलेले चित्र कसलेही उत्तर न येता पडून राहिले की तो कलाकार पुन्हा येत नाही. आणि नावाचा उच्चार तुमच्यापैकी कोणीतरी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावा. याला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

शेवटची मागणी माझ्यासारख्यांच्या वतीने करते. नाव पक्के करण्यापूर्वी ते तुमच्या भाषांतर करणाऱ्या गटांकडे पाठवा आणि आम्हाला आठ दिवस द्या. ते आमच्या लिपीत कसे लिहिले जाईल, आमच्या भाषेत त्याचा काही भलता अर्थ होतो का, त्याचे लिंग कोणते बसेल, शुभंकराच्या चित्रात कोणाला दुखावणारे काही आहे का, हे आम्ही तपासून कळवू. मराठीपुरती ही जबाबदारी मी आणि माझे सहकारी आजपासून घेतो. दोन नावांत निवड करायची असेल तर दोन्ही पाठवा.

आपली नम्र,
मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरची एक मराठी भाषांतरकार